वाढवून टाका

विजेला भिणारी माणसं जगात पुष्कळ आहेत. पण विजेची कीव करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीने नवरा म्हणून पत्करला. बायको त्यांना भावोजी म्हणते म्हणून मीही भावोजीच म्हणतो. माझं मुलुंड पूर्वेला विजेच्या सामानाचं दुकान आहे. पंखे, दिवे, बटणं, वायरी. म्हणजे लोकांनी वीज वापरावी यावर माझी चूल पेटते, आणि लोकांनी वीज वापरू नये यासाठी या माणसाचा जन्म झालेला. एकाच सासऱ्याने असे दोन जावई कसे निवडले हे सासऱ्यांनाच ठाऊक, आणि विचारायला ते आता नाहीत.

भावोजी दुकानात येताना दिसले की मी देवाचं नाव घ्यायचो. पंख्याच्या दुकानात पंखे फिरताना दिसले पाहिजेत, दिव्यांच्या दुकानात दिवे लागलेले दिसले पाहिजेत, इतकी साधी गोष्ट. पण ती त्यांना कधी पटली नाही. पायरीवर चपला काढायच्या, आत यायचं, आणि ‘कसा आहेस’ विचारायच्या आधी भिंतीवरची बटणं टकटक वर करत जायचं. मी कळवळून म्हणायचो, "भावोजी, अहो धंदा आहे हा!" तर म्हणायचे, "गिराईक इला की लाव मगे. आता हो पंखो कोणासाठी फिरता?" मग गिऱ्हाईक यायचं, अंधारात डोळे बारीक करून "लाईट गेलीय काय?" असं विचारायचं आणि समोरच्या दुकानात जायचं. भावोजींना त्याचंही वाईट वाटायचं नाही. समोरच्याचे दिवे जळत होतेच, तेवढ्यात दोन गिऱ्हाइकं झाली तर वीज वायफळ गेली नाही, असा त्यांचा हिशेब.

कुणाच्याही घरी गेले तरी पाणी नको, चहा नको, आधी टीव्हीच्या मागे हात. तिथली ती केबलची डबी हाताला गरम लागली की त्यांचा चेहरा पडायचा. "बघ, झोपेतसुद्धा खातेय," असं ते यजमानाला अशा सुरात सांगायचे, की त्याला आपल्याच घरात चोर पाळल्यासारखं वाटावं. माझ्या पुतण्याचा साखरपुडा बोरिवलीच्या एका हॉलमध्ये होता. सकाळची वेळ, खिडक्यांतून लख्ख ऊन येतंय, आणि स्टेजवर मात्र फोटोवाल्याचे मोठाले फोकस. नेमका मुलगा मुलीच्या बोटात अंगठी घालत असताना फोकस गेले. मुलगा दचकला, अंगठी हातातून निसटली आणि सोफ्याखाली गेली. दोन्हीकडची वडीलधारी माणसं स्टेजवर ओणवी होऊन अंगठी शोधतायत, आणि मागून भावोजींचा समाधानी आवाज येतोय, "दिवसाढवळ्या फोकस कित्याक? आता दिसता मां सगळा?" त्या व्हिडिओत अंगठी घालण्याचा प्रसंग नाही, पण हे वाक्य स्वच्छ ऐकू येतं. मुलीकडच्यांनी बरेच दिवस आमच्याशी जपूनच बोलणं ठेवलं होतं.

हा माणूस नोकरीला होता अंधेरीतल्या एका कंपनीत, जी नळ आणि कमोड विकते. तिथल्या तिसऱ्या मजल्यावरची सर्व्हर रूम भावोजींकडे होती. सर्व्हर म्हणजे कंपनीचा सगळा हिशेब आणि पत्रव्यवहार ज्यांच्या पोटात असतो ती यंत्रं. आणि स्विच म्हणजे आपलं भिंतीवरचं बटण नव्हे, मजल्यामजल्यावरच्या संगणकांच्या वायरी जिथे एकत्र येतात ती लोखंडी पेटी. हे मला त्यांनीच शिकवलं, कारण ‘स्विच तर मीही विकतो’ असं मी एकदा बोलून गेलो होतो आणि ते ताटावरून उठेपर्यंत हसत होते. त्या खोलीत त्यांनी सगळ्यांना नावं दिली होती. कंपनीने चिकटवलेल्या इंग्रजी नंबरांकडे ते बघतही नसत. दोन मोठे स्विच म्हणजे थोरला आणि धाकटा, ज्याच्या पंख्यातून सतत कुरकुर यायची ती काकी, आणि अखंड एका सुरात घुमणारा जुना सर्व्हर म्हणजे बुवा. यूपीएसला मात्र ते आई म्हणत. वीज गेली की सगळ्यांना जेवू घालते ती, असं त्यांचं म्हणणं. सकाळी गेल्या गेल्या प्रत्येकाच्या पाठीवर तळहात ठेवून ताप बघायचे. माझ्या मेव्हणीने, म्हणजे ताईंनी, एकदा फणकाऱ्याने सांगितलं होतं, "मला मलेरिया झालेला तेव्हा ह्यांनी माझ्या कपाळाला हात लावला नाय कधी. काकीची मात्र रोज चौकशी."

त्या खोलीपायी हा कोकणातला माणूस मे महिन्यात हातात स्वेटर घेऊन घाटकोपरला मेट्रोत चढायचा. मेट्रोतल्या थंडीवरही त्यांचा राग. "माणसां काय सर्व्हर आसत? इतक्या थंडीत कित्याक ठेवतत?" खरं तर सर्व्हरनासुद्धा लोक समजतात तेवढी थंडी लागत नाही, हा त्यांचा लाडका विषय होता. एसी उगाच बर्फासारखा ठेवायचा नाही. गरम वारा फिरून पुढच्या बाजूला येऊ द्यायचा नाही. रॅकमधल्या मोकळ्या फटी बुजवायच्या. त्या बुजवायला त्यांनी माझ्याकडून पंख्यांच्या खोक्यांचे पुठ्ठे नेले. मग आगीची तपासणी करणाऱ्या माणसाने ते पाहून कपाळाला हात लावला, म्हणून पुठ्ठ्यांच्या जागी पत्रे आले. पण खोलीचं बिल उतरलं, आणि उतरलेलं बिल घेऊन भावोजी आमच्याकडे आले, पेढे घेऊन. मुलगा झाल्यावरसुद्धा त्यांनी बर्फी आणली होती.

अशा माणसाचं वरच्यांशी जमणं कठीणच. कंपनीच्या मोठ्या साहेबांकडे एकदा देवगडहून हापूसच्या पेट्या आल्या. पिकेपर्यंत थंड जागी राहू देत म्हणून साहेबांनी त्या सर्व्हर रूममध्ये पाठवल्या. भावोजींनी दारातूनच परत पाठवल्या. साहेब स्वतः उतरून आले, तर हे म्हणाले, "साहेब, पिकणारो आंबो गरम असता. ह्यांच्या शेजारी नको." कंपनीच्या मालकाला, त्याच्याच इमारतीत, त्याच्याच आंब्यांसाठी नाही म्हणणारा माणूस. मी त्यांना सांगितलं, "भावोजी, ठेवायच्या होत्या चार दिवस. एक पेटी तुम्हालाही मिळाली असती." ते माझ्याकडे असे बघत राहिले की मीच विषय बदलला.

पण त्यांचं सगळ्यात मोठं खूळ म्हणजे एक शब्द. भावोजी कधीही ‘बंद’ म्हणत नसत. दिवा बंद कर नाही, टीव्ही बंद कर नाही, दार बंद कर नाही. त्यांचे वडील लालबागच्या गिरणीत होते. ती गिरणी बंद पडली तेव्हा तो शब्द रोज घरात यायचा, शेजारी विचारायचे, पाहुणे विचारायचे, आणि वडील भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. शेवटी त्यांच्या आईने घरादाराला बजावलं की ह्या उंबऱ्याच्या आत हा शब्द कुणी काढायचा नाही. मंगळसूत्र तुटलं तरी आपण ‘वाढलं’ म्हणतो, नारळ फोडला तरी ‘वाढवला’ म्हणतो, तसं भावोजी सगळ्याच गोष्टी वाढवू लागले. दिवा वाढव, पंखा वाढव, दुकान वाढव. घरच्यांना सवय झाली होती. नव्या माणसाची मात्र गडबड व्हायची. एकदा शेजारची सून बसायला आली होती. भावोजी आतून ओरडले, "अगो, टीव्ही वाढव जरा!" तिने आज्ञाधारकपणे आवाज वाढवला. "वाढव गो!" तिने आणखी वाढवला. चाळीतल्या खालच्या मजल्यावरून लोक वर आले, तेव्हा कुठे तिला अर्थ कळला. आम्ही हे घरगुती विनोद म्हणून वर्षानुवर्षं सांगत होतो. पुढे याच शब्दाने त्यांचा घास घेतला, आणि तेव्हापासून तो विनोद आमच्यात कुणी सांगत नाही.

झालं असं. कंपनीत नवे मॅनेजर आले. ठाण्याचे, आडनाव मराठी, शिक्षण सगळं इंग्रजीत. वरून हुकूम सुटला होता की खोलीचं वीजबिल अजून उतरवा. भावोजी खूष. थोरला-धाकटा सोडून मागच्या रॅकमध्ये आणखी दोन जाडजूड जुने स्विच होते, ज्यांच्यातून पूर्वी कॅमेऱ्यांनाही वीज जायची. आता त्यांच्यावर फारसं काही उरलं नव्हतं. ते काढले की झालं. नेमकं त्याच वेळी त्यांना चुलत्यांच्या दहाव्यासाठी कुडाळला जावं लागलं. तिथून त्यांनी मॅनेजरांच्या फोनवर आवाजी निरोप पाठवला. तो मी स्वतः ऐकलाय. मागे कावळ्यांची कावकाव, आणि भावोजी शक्य तितक्या शुद्ध मराठीत, साहेबांशी बोलतायत म्हणून: "सर, मागच्या रॅकमध्ये ते दोन मोठे स्विच आजच वाढवून टाका. म्हणजे आईवरचा लोड हलका होईल."

मॅनेजरांना ‘आई’ म्हणजे यूपीएस हे ठाऊक होतं. भार वाटला जावा म्हणून आणखी दोन स्विच वाढवायचे, असा त्यांनी अर्थ घेतला, आणि खरं सांगायचं तर वाक्य तसंही जुळत होतं. गोदामात तसलेच दोन पडून होते. ते आणले, बसवले आणि त्याच यूपीएसवर जोडले. आधीच पोटभर भार घेऊन बसलेली आई तेवढ्याने कोलमडली. सगळी खोली एका क्षणात निपचित पडली. कंपनीचे फोन गेले, बिलं गेली, गोदामातून नळांचे ट्रक निघेनात. भावोजी तिकडे पिंडाला कावळा शिवण्याची वाट बघत उभे, आणि खिशातला फोन वाजून वाजून थकला.

परत आल्यावर चौकशी. काचेच्या केबिनमध्ये मॅनेजर, एचआरच्या एक बाई, आणि पडद्यावर दिल्लीचे कुणी वरिष्ठ. निरोप वाजवून दाखवला. एचआरच्या बाईंनी भाषांतर केलं, वाढवणे म्हणजे इन्क्रीज. भावोजी म्हणाले, "मॅडम, नारळ वाढवला म्हणजे काय नारळ मोठा होतो?" पडद्यावरचे साहेब म्हणाले, "अब ये नारियल कहाँ से आया?" भावोजींनी त्यांना नारळ, बांगडी, मंगळसूत्र आणि दिवा असं सगळं हिंदीतून समजावलं. साहेबांनी शेवटी विचारलं, "तो आप सीधा बंद क्यूँ नहीं बोलते?" गिरणी, वडील, भिंत हे सगळं पडद्यातल्या माणसाला कसं सांगायचं? मॅनेजर तर शेजारीच बसले होते. त्या माणसाच्या घरी प्रत्येक शुभकार्याला नारळ वाढवत असणार, याबद्दल मी पैज लावायला तयार आहे. ‘हो, असा अर्थ असतो,’ एवढं एक वाक्य त्याने म्हणायचं होतं. त्याने आपल्या फोनकडे बघितलं. ही सगळी चौकशी भावोजींनी आमच्याकडे जेवायला आले तेव्हा सगळ्यांचे आवाज काढून सांगितली, आणि आम्ही हसून लोटपोट झालो. तोवर त्यांनाही त्यात गंमतच वाटत होती.

नंतर कळलं की निर्णय आधीच झाला होता. खोलीच काढायची, सगळा कारभार भाड्याच्या यंत्रांवर, बाहेरच्या कुणाच्या तरी खोलीत न्यायचा. त्यांना फक्त कुणाची तरी चूक हवी होती, ती माझ्या भावोजींनी कुडाळहून फोनवर पाठवली. खोली गेल्यावर त्यांच्यासाठी दुसरं काम कंपनीत नव्हतं. असतं तरी दिलं नसतं, आंबे कुणी विसरत नाही. मला हे लिहितानाही संताप येतो. ज्या माणसाने त्या खोलीची वीज स्वतःच्या घासासारखी जपली, त्याची खोली ‘वीज फार खाते’ या कारणाने गेली. पुढे कंपनीने खाली स्वागतकक्षात फलक लावला, आम्ही पर्यावरणासाठी वीज वाचवली असा. त्यावर मॅनेजरांचा फोटो, आरे कॉलनीत जाऊन हातात एक रोप धरलेला. भावोजी तो बघून म्हणाले, "वीज खय वाचली? वीज दुसऱ्याच्या मीटरवर गेली." एवढंच म्हणाले.

खोली शांत करण्याचं काम त्यांच्याच हातून करून घेतलं. त्या दिवशी ते आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, पिशवीत नारळ घेऊन गेले. गेटवरच्या सिक्युरिटीने नारळ आत नेऊ दिला नाही. बाहेरचं फळ अलाउड नाही म्हणाला. मग त्यांनी नारळ त्याच्या टेबलावर ठेवला आणि वर गेले. आधी बुवा, मग बाकीचे सर्व्हर, मग काकी, धाकटा, थोरला, शेवटी आई. आणि सगळ्यात शेवटी एसी. मी विचारलं, एसी शेवटी का? तर म्हणाले, "अरे, अंग तापलेलं असतं त्यांचं. निवूक नको?" मग म्हणाले की सगळं थांबल्यावर त्यांना पहिल्यांदाच खालच्या रिक्षांचे हॉर्न ऐकू आले. इतकी वर्षं त्या खोलीत बसून त्यांना कधी कळलं नव्हतं की खाली रस्ता आहे. नारळ तसाच घरी आला. ताईंनी त्याची सोलकढी केली. भावोजींनी वाटीला हातही लावला नाही.

त्या खोलीत आता कर्मचाऱ्यांसाठी विरंगुळ्याची जागा आहे म्हणे. सोफे, कॉफीचं मशीन, आणि एसी, तोही पूर्ण थंडीवर. निरोपाला कंपनीने भावोजींना पितळी रंगाची समई दिली, विजेवर चालणारी. प्लॅस्टिकच्या वाती सतत लुकलुकतात, आणि समईला बटणच नाही. प्लग उपटल्याशिवाय विझत नाही. एवढ्या वर्षांत त्या माणसाला कुणी नीट ओळखलं नाही याचा याहून मोठा पुरावा मला नको. घरी नेण्याऐवजी ती ते थेट माझ्याकडे घेऊन आले. "दुकानात ठेव. खपली तर खपली." मी ती विकायला काढलेली नाही.

हल्ली दुपारी ते माझ्या दुकानात येऊन बसतात. गल्ल्याजवळच्या स्टुलावर, हात मांडीवर ठेवून. डोक्यावर सगळे पंखे फिरत असतात, भिंतभर दिवे लागलेले असतात, आणि ते बटणांकडे बघतही नाहीत. गिऱ्हाइकं येतात, उजेड बघतात, माल घेतात. धंदा चांगला आहे, आणि मला त्याचा काही आनंद होत नाही. मी मुद्दाम रिकाम्या खुर्चीवर पंखा सोडून ठेवतो, दिवसाढवळ्या पायरीवरचा दिवा लावतो. एकदा सरळ म्हटलं, "भावोजी, फार दिवे लागलेत नाय?" तर म्हणाले, "असू दे. दुकान आहे."

परवा संध्याकाळी दुकान आवरताना मी त्यांचाच शब्द वापरला. त्यांना बरं वाटेल म्हणून. म्हटलं, "चला भावोजी, दुकान वाढवूया." ते उठले, पायाने चपला शोधू लागले, आणि खाली बघतच म्हणाले, "वाढवतंस कसला? बंद कर ना सरळ."

मी शटरची काठी हातात धरून उभाच राहिलो. त्यांच्या आईने उंबऱ्याबाहेर ठेवलेला शब्द होता तो. भुकेच्या दिवसांतसुद्धा आत येऊ दिला नव्हता. आता तो त्यांच्याच तोंडून माझ्या दुकानात आला, आणि त्यांना त्याचं काहीच वाटलं नाही. त्यांची नोकरी गेली तेव्हा मला राग आला होता. त्या संध्याकाळी रडू आलं.

तेव्हापासून मी एक करतो. सगळं आवरून झालं की ती समई लावून ठेवतो आणि मग शटर ओढतो. खालच्या फटीतून तिचा लुकलुकता उजेड पायरीवर येतो. कुलूप लावायला मी जरा जास्तच वेळ घेतो. काल भावोजी पायरी उतरले आणि थांबले. फटीकडे बघितलं. खिशातला हात बाहेर काढला. मला वाटलं, आता म्हणतील, "अरे, आत दिवो रवलो." मी किल्ली कुलपातच धरून थांबलो. तेवढ्यात रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला, तसे ते बाजूला झाले, "येतंय रे," म्हणाले आणि चालू लागले. निदान जातंय नाही, येतंय म्हणाले. समई रात्रभर जळत राहिली. बायको म्हणते, दुकानाचं बिल उगाच वाढतंय. वाढू दे.